वाफेच्या जत्रेत चार रात्री: आयोवातल्या ओल्ड थ्रेशर्सला तंबू ठोकायचा तर

पहिल्या वर्षी आम्ही चूक केली. शिकागोहून पहाटे निघालो, चार तास गाडी हाकून साडेदहाला माउंट प्लेझंटला पोचलो, उन्हात सहा तास पाय तुडवले आणि अंधार पडायच्या आत परत फिरलो. वाफेची इंजिनं बघितली, मक्याची कणसं खाल्ली, फोटो काढले. परतीच्या पेट्रोलपंपावर एका म्हाताऱ्याने विचारलं, "पेटवताना बघितलंत का?" नव्हतं बघितलं. तो नुसता हसला. पुढच्या वर्षीपासून आम्ही तिथे मुक्कामालाच जातो, कारण ही जत्रा खरी दिसते ती सकाळी सातच्या आधी आणि सूर्य मावळल्यावर. मधल्या वेळात दिसते ती गर्दी.

आधी जागेची ओळख. माउंट प्लेझंट हे आयोवाच्या आग्नेय कोपऱ्यातलं गाव, वस्ती जेमतेम आठ-नऊ हजार. पृथ्वीभोवतीच्या किरणोत्सारी पट्ट्यांना ज्यांचं नाव आहे ते व्हॅन ॲलन इथलेच, जन्म १९१४चा. अमेरिकेत वकिलीची सनद मिळवणारी पहिली स्त्री, अराबेला मॅन्सफिल्ड, हिला ती १८६९ साली याच गावात मिळाली. अशा गावात १९५० पासून 'मिडवेस्ट ओल्ड थ्रेशर्स रियुनियन' भरते. थ्रेशर म्हणजे मळणी करणारा. कंबाईन हार्वेस्टर येण्याआधी एका टापूतले शेतकरी मिळून एक वाफेचं इंजिन आणि एक मळणीयंत्र फिरवायचे. आज याच्या शेतावर, उद्या त्याच्या. ज्याच्याकडे मळणी, त्याच्या घरातल्या बायकांनी वीस-पंचवीस माणसांचं जेवण रांधायचं. आपल्याकडे याला इर्जिक म्हणतात, कुठे सावड म्हणतात. अडचण कुठलीही असो, माणसं शोधतात तो मार्ग बहुधा हाच.

तारखा आणि बेत

जत्रा पाच दिवस चालते, गुरुवार ते सोमवार, आणि तो सोमवार लेबर डेचा, म्हणजे सप्टेंबरचा पहिला. २०२६ मध्ये ३ ते ७ सप्टेंबर. मंडळाच्या गणपतीशी तारखा आधी ताडून घ्या. २०२५ मध्ये गणेश चतुर्थी बुधवारी, २७ ऑगस्टला होती आणि दुसऱ्याच दिवशी जत्रा सुरू झाली, त्यामुळे आमच्या गटातले निम्मे ढोल-ताशावाले गळाले. २०२६ ला गणपती १४ सप्टेंबरला आहेत, म्हणजे वाट मोकळी आहे.

सुट्टी काढायची असेल तर शुक्रवारची काढा. गुरुवारी संध्याकाळी पोचून रविवारी रात्रीपर्यंत, नाहीतर सोमवारी सकाळपर्यंत राहायचं. शनिवार-रविवार गर्दीचे, शुक्रवार निवांत. इंजिनवाली मंडळी शुक्रवारी तुमच्याशी अर्धा तास बोलतील, शनिवारी दोन मिनिटं.

शिकागोहून साधारण चारशे किलोमीटर पडतं, आयोवा सिटीहून तासाभराची वाट, दे मॉईनहून अडीच तास. गटातल्या एखाद्याला उशिरा निघावं लागणार असेल तर शिकागोहून दुपारी सुटणारी 'कॅलिफोर्निया झेफर' ही आगगाडी संध्याकाळी माउंट प्लेझंटला थांबते. सामान गाडीतून पुढे पाठवायचं आणि त्याने पाठपिशवी घेऊन उतरायचं.

मुक्कामाची जागा जत्रेच्या मैदानाला लागूनच आहे. विजेच्या जोडणीच्या जागा वेगळ्या आणि साध्या तंबूच्या वेगळ्या, त्यामुळे आपल्याला कुठली हवी ते गटात आधी ठरवा. वीज असलेल्या जागांवर मोठाल्या घरगाड्या उभ्या असतात, वर्षानुवर्षं तीच कुटुंबं त्याच जागेवर. तंबूवाल्यांनी वीज विसरावी हे उत्तम. फोन गाडीत चार्ज होतो. बुकिंग उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच उरका. दर आणि नियम आयोजकांच्या संकेतस्थळावर त्या त्या वर्षीचेच वाचा. कुत्रा, गोल्फ कार्ट, जनरेटर यांबद्दल मागच्या वर्षीच्या आठवणीवर विसंबू नका.

कोण काय आणणार

सहा ते आठ मोठी माणसं हा आकडा बरा. त्यापुढे गेलं की दोन स्वयंपाकघरं होतात, दोन व्हॉट्सॲप गट होतात आणि मग दोन मतं. सामानाची यादी एकानेच करावी आणि त्यानेच ती तपासावी. लोकशाहीने यादी केली की पाच चाकू येतात आणि काडेपेटी एकही नाही. पैशाचा हिशेब दुसऱ्याकडे द्या.

तंबू घेताना डब्यावर जितकी माणसं लिहिलेली असतील त्यातून दोन वजा करा. सहाच्या तंबूत चार माणसं सुखाने झोपतात. तंबूखाली घालायची ताडपत्री तंबूच्या तळापेक्षा चार बोटं आत राहील अशी दुमडा. ही गोष्ट मी भिजून शिकलो. आमची ताडपत्री हातभर बाहेर डोकावत होती. रात्री पाऊस आला, कापडावरून ओघळलेलं पाणी त्या कडेवर पडलं आणि सरळ आमच्या पाठीखाली येऊन साचलं. दोन वाजता चार जण गाडीत बसून झोपलो, म्हणजे बसलो.

बाकी सामानात डोक्याला बांधायचा दिवा माणशी एक, पोलादी खुंट्या (तंबूबरोबर येणारे ॲल्युमिनियमचे तिथल्या घट्ट मातीत वाकतात), एक हातोडी, घडीच्या खुर्च्या आणि कानात घालायचे बोळे. बोळे विसरू नका. इंजिनांचे भोंगे फार मोठ्याने वाजतात आणि लहान मुलं दचकून रडतात. पांढरे कपडे नेऊ नका. कोळशाच्या धुरातून बारीक काजळी उडते आणि ती झटकली की पसरते, तेव्हा नुसती फुंकर मारायची.

भारतातून आई-बाबा आलेले असतील तर त्यांना जरूर न्या, पण त्यांच्यासाठी घडीची खाट न्या. जमिनीवर झोपून उठताना गुडघे बोलतात. त्यांचा तंबू स्वच्छतागृहाच्या वाटेवर लावा, अगदी शेजारी नको. अंघोळीची रांग सकाळी आठ ते दहा लांबलचक असते. दुपारी तीनला कोणी नसतं.

तंबू लावताना

दिवसाउजेडी पोचा. त्या दिवसांत सूर्य साडेसातच्या सुमारास मावळतो. जागा थोड्या उंचवट्यावर घ्या, मैदानातल्या खोलगट भागात पाणी येतंच. मोठ्या झाडाच्या थेट खाली नको. वारा बहुधा दक्षिणेकडून-पश्चिमेकडून येतो, म्हणून तंबूचं दार पूर्वेकडे ठेवा. सकाळचं ऊन आत येतं आणि दव लवकर वाळतं. सगळे ताण-दोर पहिल्याच दिवशी बांधा, आकाश निरभ्र असलं तरी.

हवा दिवसा तीस अंशांच्या आसपास आणि दमट, रात्री पंधरा-सोळापर्यंत खाली. मध्येच गडगडाटी वादळ येऊ शकतं. विजा चमकू लागल्या की तंबू सोडून गाडीत बसा. धातूचं छत असलेली गाडी बरी, कापडाचा तंबू काहीच नाही. वावटळीचा, म्हणजे टोर्नेडोचा, इशारा देणारा भोंगा वाजला तर मात्र गाडीतही बसू नका, पक्क्या इमारतीत जा. ती कुठली हे तंबू लावतानाच विचारून ठेवा.

शेकोटीसाठी लाकूड घरून आणू नका, तिथेच विकत घ्या. ॲश नावाच्या झाडाला मारणारा एक हिरवा किडा अशा लाकडातूनच गावोगाव पोचला. आयोवात तो २०१० मध्ये सापडला.

जेवणाचं

नियम साधा आहे. सकाळ-रात्र आपली, दुपार चर्चची. गावातल्या चर्चच्या मंडळी मोठे मांडव घालून जेवण देतात आणि त्याची चव घरची असते. तिथे रोख पैसे जवळ असले की सोपं जातं. शाकाहारी माणसाने मात्र तीन प्रश्न विचारावेत. घेवड्यात डुकराचं मांस आहे का? (बहुतेक वेळा असतं, वास न येताही.) उकडलेल्या फरसबीत? आणि 'पाय' नावाच्या भाजलेल्या गोड पदार्थाच्या पारीत लार्ड, म्हणजे डुकराची चरबी? विचारल्याचा कोणाला राग येत नाही. उलट आतली आजी बाहेर येऊन कुठला पाय लोण्यातला आहे ते बोटाने दाखवते. मक्याचं कणीस निर्धास्त खा. आणि आईस्क्रीम खा. जुन्या एकसिलिंडरी 'हिट अँड मिस' इंजिनाला पट्टा लावून पिंप फिरवतात. इंजिन एकदा धडाड करतं, मग चार-सहा फेरे नुसतं सुस्कारे टाकतं, वेग उतरला की पुन्हा धडाड. माझी सात वर्षांची पुतणी त्याला 'दमलेले काका' म्हणते.

आपल्या स्वयंपाकासाठी दोन शेगड्यांची गॅसची चूल पुरते. कांदा, मिरची, कोथिंबीर घरीच चिरून डब्यात भरा. उपम्याचा रवा भाजून फोडणीसकट न्या, तिथे फक्त उकळतं पाणी. भाजणी, मेतकूट, लसणाची चटणी आणि लोणचं एवढ्यावर चार दिवस निघतात. शीतपेटीत बर्फाचे तुकडे नको, अख्खी लादी घाला, दुप्पट टिकते. दूध-दही आणि पाण्याच्या बाटल्या यांच्या पेट्या वेगळ्या ठेवा. पाण्याची पेटी दिवसातून पन्नास वेळा उघडते आणि दूध नासतं. पाणी माणशी दिवसाला चार लिटर धरा.

आणि कुकर न्या. लोक हसतील, हसू द्या.

दुसऱ्या वर्षी शनिवारी संध्याकाळी आमच्या कुकरने पहिली शिट्टी दिली आणि शेजारच्या घरगाडीतून डंगरी घातलेले एक आजोबा तडक आले. आयुष्य बॉयलरपाशी गेलेलं. त्यांनी विचारलं, दाब किती? आम्ही चौघे इंजिनिअर, एकालाही सांगता येईना. शेवटी फोनवर शोधलं. चौरस इंचाला पंधरा पौंडांच्या आसपास. त्यांचं इंजिन दीडशेला चालतं, दहापट. मग त्यांनी झाकणावरच्या त्या छोट्या बटणाकडे बोट केलं. वहिनी म्हणाल्या, पाणी आटलं तर हा सेफ्टी वॉल्व्ह वितळून उडतो. आजोबांनी टोपी काढली. त्यांच्या बॉयलरमध्ये भट्टीच्या माथ्यावरच्या पत्र्यात तशीच मऊ धातूची एक गुडदी बसवलेली असते. पाण्याची पातळी त्या पत्र्याच्या खाली गेली की गुडदी वितळते आणि वाफ आगीवर सुटते. युक्ती एकच, एक वरणभाताला आणि एक दहा टनांच्या यंत्राला. त्या रात्री त्यांनी आमच्याबरोबर खिचडी खाल्ली, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला या म्हणून सांगून गेले.

पहाटे काय बघायचं

तेव्हा गजर साडेपाचचा लावा. चहा थर्मासमध्ये भरा आणि इंजिनांच्या रांगेकडे चालायला लागा. उजाडतं साडेसहाच्या सुमारास. पोचाल तेव्हा माणसं भट्टीतली कालची राख ओढत असतात. मग वाळकं लाकूड, मग कोळसा. थंड बॉयलरला वाफ धरायला दोन-तीन तास लागतात, आदल्या दिवशीची ऊब शिल्लक असेल तर कमी. सुरुवातीला काहीच घडत नाही. नुसता करडा धूर सरळ वर जातो. मग पत्रा कुरकुरतो, कुठेतरी एक थेंब टपकतो, काटा हलतो. माणसं हातात तेलाची झारी घेऊन प्रत्येक सांध्यापाशी थांबतात, अगदी गोठ्यात गाई-म्हशींवरून हात फिरवत जावं तसं. कोणी घाईत नसतं. हीच वेळ प्रश्न विचारायची. मला एकाने बॉयलरमधली पाण्याची पातळी दाखवणारी काचनळी वाचायला शिकवली आणि म्हणाला, चालवणाऱ्याने दाबाच्या काट्यापेक्षा इकडे जास्त बघायचं असतं.

त्याचं कारणही आहे. २००१ मध्ये ओहायोतल्या मेदिना इथल्या जत्रेत असंच एक इंजिन फुटून पाच जण गेले. भट्टीवरचा पत्रा झिजलेला होता आणि पाणी कमी होतं. त्यानंतर अशा जुन्या बॉयलरांच्या तपासणीकडे सगळीकडेच काटेकोर लक्ष गेलं. म्हणून दोरीच्या पलीकडे पाऊल टाकायचं नाही, मुलांचा हात सोडायचा नाही आणि पुढे बंद असलेले बूट घालायचे. सैल ओढणी, लांब मफलर पट्ट्याच्या आसपास नको.

दिवसातलं बाकी सगळं

मळणी चुकवू नका. इंजिन एका टोकाला, मळणीयंत्र दुसऱ्या टोकाला आणि मध्ये लांबच लांब पट्टा, इंग्रजी आठच्या आकड्यासारखा पीळ दिलेला. लांब अशासाठी की ठिणग्या पेंढ्यापासून दूर राहाव्यात. पीळ अशासाठी की पट्टा फडफडू नये आणि चाकाला जास्त कवळा घालावा. वरून पेंढ्या टाकतात, एका बाजूने धान्य पडतं, नळकांड्यातून भुसकट उंच उडून रास होते. माझे बाबा नगर जिल्ह्यातले, बैलांची पात हाकलेले. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "खळं सारवायचं वाचलं यांचं. पण उफणायला वाऱ्याची वाट बघायची मजा गेली." मग पुढे होऊन त्यांनी मूठभर दाणे उचलले, तळहातावर फुंकर मारली आणि दोन दाणे तोंडात टाकले. समोरचा शेतकरीही नेमकं तेच करत होता.

लॉग व्हिलेज, म्हणजे ओंडक्यांच्या घरांची वसाहत, सकाळी दहाच्या आत बघा. पहिल्या वसाहतकारांच्या काळातला स्वयंपाक, सूतकताई, लोहारकाम तिथे करून दाखवतात. मुलांना हात लावायला मिळतो, म्हणून तिथे दोन तास सहज जातात. तिथेच एक गोष्ट त्यांना सांगा, कारण ती आपोआप कळत नाही. हा भाग वसाहतकारांना खुला झाला १ जून १८३३ ला, सॉक पुढारी ब्लॅक हॉक याच्या लढाईनंतर सॉक आणि मेस्क्वाकी या मूळ रहिवाशांकडून जमीन घेतल्यावर. गाव वसलं १८३५ मध्ये. मेस्क्वाकींनी १८५७ मध्ये आयोवातच टामा परगण्यात स्वतःच्या पैशाने जमीन विकत घेतली, आणि ते आजही तिथे आहेत. ओंडक्याचं घर बघताना त्याच्या आधी तिथे काय होतं हा प्रश्न मुलं विचारतातच. उत्तर तयार ठेवा.

जत्रेतली आगगाडी तीन फुटी रुळांची, आपल्या माथेरानच्या दोन फुटीपेक्षा थोडी ऐसपैस. ट्रॉली, म्हणजे विजेवरची ट्राम, मात्र तंबूवाल्यांसाठी खरी सोय. ती मुक्कामाच्या जागेला वळसा घालून मैदानापर्यंत जाते. त्यातल्या उघड्या गाड्या मूळच्या रिओ दि जानेरोच्या आहेत. दुपारच्या उन्हात तिच्यात नुसतं बसून फेरी मारणं हीसुद्धा एक विश्रांती.

दुपारी एक ते तीन ऊन असह्य होतं, तेव्हा संग्रहालयांत शिरा. माझं आवडतं फिरत्या नाटक कंपन्यांचं. या कंपन्या तंबू घेऊन गावोगाव फिरायच्या, आणि 'टोबी' नावाचं लाल केसांचं, भोळं दिसणारं पण शहरी माणसाला बरोबर बनवणारं खेडवळ पात्र हा त्यांचा हुकमी एक्का. जत्रेत कनात लावून होणारा तमाशा आणि सोंगाड्या ज्याने बघितलाय त्याला वेगळं समजावावं लागत नाही. नारायणगावच्या राहुट्या आठवल्या मला.

संध्याकाळी मात्र काही ठरवू नका. दिवसाची गर्दी ओसरली की मुक्कामाच्या गल्ल्या जाग्या होतात. कोणी बँजो काढतं, कोणी पत्ते. आपण कांदाभजी तळली तर ओळख आपोआप होते. मात्र शांततेची वेळ पाळा. ही माणसं पहाटे उठणारी आहेत, आणि आपल्या अंताक्षरीचा आवाज आपल्याला वाटतो त्यापेक्षा लांब जातो.

आवराआवर

सोमवारी दुपारी सगळे एकदम निघतात आणि हमरस्त्यापर्यंत पोचायला वेळ लागतो. म्हणून रविवारी रात्रीच स्वयंपाकाचं सामान गाडीत भरा. सकाळी फक्त चहाचं पातेलं, तंबू आणि खाटा उरल्या पाहिजेत. शेकोटीवर पाणी ओता, काठीने ढवळा, पुन्हा ओता, आणि हाताला गार लागेपर्यंत सोडू नका. खुंट्या मोजून घ्या. गवतात राहिलेली एक खुंटी पुढच्या माणसाच्या पायात जाते.

तंबू दवाने ओला असणारच. तसाच गुंडाळा, पण घरी पोचल्यावर त्याच रात्री गॅरेजमध्ये पसरा. आम्ही एकदा "उद्या बघू" म्हणालो होतो. ऑक्टोबरात पिशवी उघडली, तेव्हा आतून बुरशीचा वास आला आणि त्याच्याही खाली, किंचित, कोळशाचा.